‘रेझ्युमे’ : एबरहार्ड वेबर यांचा बेस, वादन थांबल्यानंतर

जर्मन जॅझ बेसवादक एबरहार्ड वेबर यांचा ‘रेझ्युमे’ हा अल्बम ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने २०१२ मध्ये काढला, तेव्हा त्यांचे वादन बंद पडून पाच वर्षे लोटली होती. नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांच्या संचाबरोबर दौऱ्यावर असतानाच २००७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. बेस या खर्जाच्या तंतुवाद्यावर स्वर दाबून धरणारा हात नेमका तोच.

तरीही हा अल्बम म्हणजे जुन्या तुकड्यांची गोळाबेरीज नव्हे. गार्बारेक यांच्या मैफलींत वेबर यांना एकट्याने वाजवण्यासाठी हक्काची जागा असे. १९९० ते २००७ या काळातल्या त्या वादनाची ध्वनिमुद्रणे त्यांनी पुन्हा ऐकली, त्यांतून निवड केली, त्यांवर स्वतःच कीबोर्डचे थर चढवले आणि काही ठिकाणी गार्बारेक यांच्या फुंकवाद्यांची व मायकल डिपास्क्वा यांच्या तालवाद्यांची जोड घेतली. बारा रचनांना दिलेली नावेही गावांची आहेत : कार्ल्सरूह, ट्यूबिंगेन, बाथ, ग्रनोबल.

या वादनाची खरी ओढ त्याच्या नादात आहे. १९४० मध्ये श्टुटगार्टला जन्मलेले वेबर वडिलांकडे चेलो शिकले आणि सोळाव्या वर्षी डबल बेसकडे वळले. पुढे त्यांनी मोठ्या पोकळ पेटाऱ्याऐवजी लहानशी पेटी असलेला, उभा धरण्याचा विजेवरचा बेस आपलासा केला आणि त्याला वरच्या स्वराची पाचवी तार जोडली. त्यामुळे जॅझमध्ये एरवी मागे राहून चाल सांभाळणारे हे वाद्य त्यांच्या हाती थेट गाऊ लागते. तार छेडल्यावर स्वर विझत नाही, तो लांबत राहतो आणि ऐकणाऱ्याला चेलोचा भास होतो. डिसेंबर १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘द कलर्स ऑफ क्लोई’ या त्यांच्या पहिल्याच अल्बमपासून हा स्वभाव दिसतो.

तक्रार कीबोर्डबद्दल आहे. जिथे हे थर दाट होतात, तिथे बेसच्या दोन स्वरांमधली मोकळी जागा, जी खरे तर या वादकाची मोठी कमाई आहे, बुजून जाते आणि सगळे जरा जास्तच गुळगुळीत वाटू लागते. मूळ तुकडा जवळपास उघडा ठेवला आहे तिथे मात्र मैफलीतल्या त्या क्षणाचा धोका जाणवतो. गार्बारेक यांनी संयम राखला आहे, हे बरे झाले. त्यांचा सॅक्सोफोन आला की लक्ष तिकडेच जाते.

वेबर यांना आधी कधीच न ऐकलेल्यांनी केवळ बेसवर उभा असलेला १९९३ चा ‘पेंड्युलम’ अगोदर ऐकावा, म्हणजे इथे काय मूळचे आणि काय मागाहून घातलेले हे कळेल. याच पद्धतीचा दुसरा अल्बम, ‘एन्कोर’, २०१५ मध्ये आला. त्यात गार्बारेक नाहीत. फ्ल्यूगलहॉर्न हे ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य वाजवणारे आक फान रोयन आहेत, जे १९७३ च्या त्या पहिल्या अल्बमवरही होते.