बायपासनंतरचा पहिला आठवडा: परिचारिकांच्या पुनर्वसन सेवेचा अनुभव

माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांवर पुण्यातील एका रुग्णालयात बायपास शस्त्रक्रिया झाली. तेथे फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा येऊन पाहून जात. श्वासाचे व्यायाम, उठवणे, बसवणे, चालवणे ही रोजची जबाबदारी मात्र परिचारिकांकडे होती.

छातीचे मधले हाड उभे कापलेले असल्यामुळे वडील दुखण्याच्या भीतीने उथळ श्वास घेत आणि खोकला दाबून ठेवत. असे केल्याने फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. सिस्टरांनी आधी वेदनाशामक औषध दिले, त्याचा गुण येईपर्यंत वाट पाहिली, मग उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवले आणि त्यानंतरच तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून नळ्यांतील प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलण्याचे व्यायामाचे साधन, हाती दिले. औषध देणारी आणि व्यायाम करून घेणारी व्यक्ती एकच असल्यामुळे ही सांगड जमली, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. चौथ्या दिवशी दुसरीही वर गेली, तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेनंतर प्रथमच हसू दिसले.

चालण्यापूर्वी आणि चालून आल्यावर नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन तपासला जाई. “काका, चालताना माझ्याशी बोलत राहा, बोलताना धाप लागली तर तिथेच थांबू,” असे सिस्टर सांगत. तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित लागताच त्यांनी चालणे थांबवले, ईसीजी काढला आणि डॉक्टरांना बोलावले. बायपासनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास असा त्रास बऱ्याच रुग्णांना होतो, हे आम्हाला तेव्हा समजले. औषधाने ठोके पूर्ववत झाल्यावर दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा चालले, पण आधीपेक्षा कमी अंतर.

उणीव जाणवली ती घरी सोडताना. सूचनांचे पत्रक केवळ इंग्रजीत होते. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, तरी जिना चढण्याचा सराव आम्ही आग्रह धरल्यावरच, शेवटच्या सकाळी घेण्यात आला. पुढील आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामाची सोयही तेथे नव्हती. या रुग्णालयात दाखल होणाऱ्यांनी घरातील पायऱ्यांची संख्या पहिल्याच दिवशी सिस्टरांच्या कानावर घालावी.