कॉकापू, कॅव्हापू की लॅब्राडूडल : पूडलचा संकर घरी आणण्यापूर्वी

इंग्लंडमधल्या मराठी घरांत मुले सात-आठ वर्षांची झाली की कुत्र्याचा विषय निघतोच, आणि घरभर कार्पेट असल्यामुळे व कोणाला तरी शिंकांचा किंवा दम्याचा त्रास असल्यामुळे तो बहुधा ‘केस न गळणाऱ्या’ पूडल-संकरावर येऊन थांबतो. आमच्याकडेही तसेच झाले. गेली सहा वर्षे आमच्या घरी एक कॉकापू, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर, आहे (मुलांनी इंग्रजी नाव सुचवले होते, पण आजीने पहिल्याच दिवशी त्याला ‘मोती’ म्हटले आणि तो त्याच नावाला वळून पाहू लागला). नात्यातल्या एका घरी कॅव्हापू (कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल) आणि शेजारी लॅब्राडूडल (लॅब्राडोर आणि पूडल) असल्यामुळे तिन्ही प्रकार जवळून पाहायला मिळाले.

प्रथम ॲलर्जीचा मुद्दा, कारण निर्णय प्रत्यक्षात त्यावरच होतो. लॅब्राडूडलचा जन्मच या गरजेतून झाला. ऑस्ट्रेलियातील रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत काम करणारे वॉली कॉनरन यांच्याकडे १९८०च्या दशकात हवाईमधील एका अंध महिलेने मार्गदर्शक कुत्र्याची मागणी केली. तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. अनेक पूडल मार्गदर्शनाच्या कामाला उतरेनात, तेव्हा कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड, म्हणजे सर्वांत मोठ्या आकाराचा, पूडल यांचा संकर केला. त्या वेतात तीन पिल्ले झाली, त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून पाहण्यात आली, आणि तिघांपैकी एकाच पिल्लाचा, सुलतानचा, त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. जाहिरातींत ही कथा नेहमी येते. तीनपैकी दोन पिल्ले नापास झाली, हा तिचा भाग मात्र सहसा येत नाही. पुढे स्वतः कॉनरन यांनीच या संकराचे जे पेव फुटले त्याबद्दल उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांची असते, आणि न गळणाऱ्या केसांच्या कुत्र्यालाही लाळ आणि कोंडा असतोच. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांच्या केसांतील ‘कॅन एफ १’ हे प्रमुख प्रथिन मोजले, तेव्हा पूडल आणि लॅब्राडूडल यांच्यात ते कमी असल्याचे आढळले नाही. त्यामुळे घरात खरोखर ॲलर्जी असेल, तर ज्या पिल्लाचा किंवा कुत्र्याचा विचार चालू आहे त्याच्याच सहवासात त्या व्यक्तीने तीन-चार वेळा तासभर बसून पाहणे, हीच एक उपयोगाची चाचणी आहे. जात पाहून हमी देणाऱ्या ब्रीडरकडून पिल्लू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केस गळण्याचे प्रमाण मात्र या संकरांत खरेच कमी असते, पण तेही पिढीनुसार बदलते. लॅब्राडोर आणि पूडल यांच्या थेट पिल्लांना मिशा-भुवया येतात आणि केस थोडेफार गळतात. दोन संकरितांची पिल्ले सर्वांत बेभरवशाची, कारण त्यांत एखादे अगदी लॅब्राडोरसारख्या सपाट केसांचे आणि भरपूर केस गाळणारे निघू शकते. संकरिताचा पुन्हा पूडलशी संकर केला, ज्याला ब्रीडर ‘एफ वन बी’ म्हणतात, तर केस अधिक कुरळे होतात. जे केस गळून कार्पेटवर पडत नाहीत ते अंगावरच्या केसांत अडकून राहतात आणि त्यांच्या जटा होतात, ही दुसरी बाजू पिल्लू विकताना क्वचितच कोणी सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही मोतीला रोज ब्रश करत होतो आणि तो वरून अगदी मऊ, फुगलेला दिसत होता. ग्रूमरने त्याला टेबलावर उभे केले, स्टीलचा कंगवा कानाच्या मागे कातडीपर्यंत घातला आणि तो अर्ध्या इंचावरच अडला. हार्नेसचा पट्टा जिथे घासतो त्या काखेत तर नमद्यासारखा एक सलग थर तयार झाला होता. सगळे केस मुळापासून काढावे लागले. ब्रश वरूनच फिरतो, कातडीपर्यंत कंगवाच पोहोचतो, हे तेव्हा कळले. त्यानंतर रोज संध्याकाळी दहा मिनिटे कंगवा, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमर, असा क्रम आहे. आमच्या भागात एका वेळेचे ५० ते ६० पौंड लागतात, आणि मोठ्या लॅब्राडूडलचे त्याहून बरेच अधिक. तिन्ही संकरांत हा खर्च आणि हे काम टळत नाही. लोंबते कान आणि त्यांच्या आतले केस यांमुळे कानात ओल राहून संसर्ग होण्याचा धोकाही तिघांना आहे. तो कान दर आठवड्याला उघडून, हुंगून पाहावा लागतो.

तिघांतला खरा फरक पूडलकडून येत नाही, तो दुसऱ्या पालकाकडून येतो. कॉकापूच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा, की कॉकर कोणता? शिकारीवर काम करणाऱ्या घराण्यातला कॉकर असेल, तर पिल्लू दिवसभर नाक जमिनीला लावून धावणारे निघते, आणि आपला मोती त्यातलाच आहे. त्याला रोज दीड तास फिरवले नाही तर तो मोज्यांचे जोड एकेक करून बागेत पुरतो. प्रदर्शनाच्या घराण्यातला कॉकर तुलनेने शांत असतो. कॅव्हापूमध्ये कॅव्हेलियरचा मांडीवर बसण्याचा स्वभाव येतो. तो लहान घराला, वयस्कर माणसांना आणि हळुवार मुलांना शोभतो, परंतु एकटे राहणे त्याला जमत नाही. नवरा-बायको दोघेही ऑफिसला जाणारे असतील तर आमच्या नात्यातल्या त्या कॅव्हापूप्रमाणे तो दाराची चौकट कुरतडतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. लॅब्राडूडल, आणि त्याच्यासारखाच गोल्डनडूडल (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल), हे स्टँडर्ड पूडलपासूनचे असतील तर सहज २० ते ३० किलोंचे होतात. स्वभावाने उमदे, पण आनंदाच्या भरात चार वर्षांच्या मुलाला जमिनीवर लोळवणारे. लहान मुले असलेल्या, दोन खोल्यांच्या घरात मी तो सुचवणार नाही.

संकर शुद्ध जातीपेक्षा निरोगी असतो, हा समज सरसकट खरा नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या, नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात याच तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ विकारांबाबत तुलना केली गेली आणि बहुसंख्य तुलनांत काहीच फरक आढळला नाही. म्हणजे पालकांचे आजार पाहूनच निवडावे. कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा विकार वयानुसार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, शिवाय कवटी आणि मज्जारज्जूचा एक वेदनादायक विकारही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली या जातीच्या पैदाशीवरील बंदी कायम ठेवली, ती याच कारणांनी. म्हणून कॅव्हापू घेताना कॅव्हेलियर पालकाच्या हृदयतपासणीचा कागद मागितलाच पाहिजे. लॅब्राडूडलसाठी दोन्ही पालकांच्या खुब्याच्या सांध्यांच्या तपासणीत मिळालेले गुण पाहावेत. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण असतात आणि ते जितके कमी तितके चांगले. कॉकापूसाठी दृष्टी हळूहळू नेणाऱ्या डोळ्यांच्या आनुवंशिक विकाराची डीएनए चाचणी महत्त्वाची, कारण त्याचे जनुक कॉकर आणि पूडल दोघांतही असते.

आता तो पर्याय, ज्याचा बहुतेक घरांत विचारच होत नाही : सरळ मिनिएचर, म्हणजे लहान आकाराचा, पूडल. केस न गळणे हेच हवे असेल तर ते शुद्ध पूडलइतके खात्रीने कोणत्याही संकरात मिळत नाही. उंची, केसांचा पोत आणि स्वभाव यांचा अंदाज आधी बांधता येतो, आणि त्याच्या पालकांच्या चाचण्यांची नोंद मिळणे सोपे जाते. लोकांना अडचण वाटते ती प्रदर्शनातल्या त्या गोंडेदार केशरचनेची, पण कुत्र्याचे केस एकसारखे आखूड कापले तर रस्त्यावर चार माणसे त्याला कॉकापूच समजतात. पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी हाच घेईन, आणि हे मोतीच्या समोर बोलत नाही. संकरच हवा असेल, तर घरी कोणीतरी असणाऱ्या कुटुंबाने कॅव्हापू, आणि पावसातही नेमाने फिरायला जाणाऱ्यांनी कॉकापू घ्यावा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे, की पावसाळ्यातल्या ओलसर हवेत जटा आणि कातडीचे विकार वेगाने वाढतात, आणि भारतातील २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी सक्तीची असून आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. इंग्लंडमध्ये २०२०पासून सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानदाराकडून किंवा दलालाकडून विकण्यास बंदी आहे. ते थेट ब्रीडरच्या घरी, आईजवळ असतानाच पाहायचे असते. तिथे जाताना स्टीलचा कंगवा बरोबर न्यावा आणि परवानगी घेऊन आईच्या कानामागे हलकेच घालून पाहावा. तो मुळापर्यंत गेला नाही, तर पिल्ले कितीही गोड असली तरी चहा पिऊन परत यावे.