व्हेंटॉय : लिनक्सवर बसून विंडोजचा पेनड्राइव्ह करायचा असेल तर

मालवणात मी घरूनच लॅपटॉप दुरुस्त करतो. माझं मशीन लिनक्स मिंटवर, आणि दुरुस्तीला येणारे बहुतेक सगळे विंडोजवाले. त्यामुळे लिनक्सवरून विंडोजचा बूटेबल (म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करून विंडोज टाकता येतं असा) पेनड्राइव्ह करणं हे माझं नेहमीचं काम. त्यासाठी व्हेंटॉय या प्रोग्रामइतकं भरवशाचं मला दुसरं काही मिळालेलं नाही, आणि तेही फुकट.

अडचण कुठे येते? लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलरची एकसंध फाइल) डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने सरळ पेनड्राइव्हवर उतरवली की बूट होते, ती बांधलेलीच तशी असते. विंडोजची होत नाही. आतल्या फाइली कॉपी कराव्यात, तर यूईएफआयला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरला) हमखास वाचता येतो तो फॅट३२ फॉरमॅट, आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. विंडोज ११ मधली इन्स्टॉल डॉट विम ही मुख्य फाइल नेमकी त्याहून मोठी. मग तिचे तुकडे करत बसा. रुफस नावाचा असाच प्रोग्राम हे छान सांभाळतो, पण तो चालतो फक्त विंडोजवर.

व्हेंटॉय ही कटकटच ठेवत नाही. पेनड्राइव्हचे दोन भाग होतात: ३२ एमबीचा छोटा भाग बूट करण्यासाठी, बाकी सगळा एक्सफॅट, म्हणजे मोठ्या फाइलीही मावणारा फॉरमॅट. त्यात आयएसओ आहे तशी कॉपी करायची, बस्स. लॅपटॉप सुरू केला की यादी येते, हवी ती निवडा. व्हेंटॉय अपडेट करतानाही आतल्या आयएसओ जागच्या जागी राहतात. पावसाळ्यात इथलं नेट रडतखडत चालतं, तेव्हा पाच-सहा जीबी पुन्हा उतरवावं लागत नाही याचं मोल फार.

ऐन मे महिन्यात न्याहारी-निवास चालवणाऱ्या एक काकू लॅपटॉप घेऊन आल्या. विंडोज सुरूच होईना. "ह्येका काय झाला ता बघ रे, माझी बुकिंगां सगळी ह्याच्यातच आसत." त्याच पेनड्राइव्हवरून आधी मिंट लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून) चालवलं, बुकिंगची एक्सेल शीट आणि खोल्यांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर काढले, आणि मग रीस्टार्ट करून त्याच यादीतून विंडोज टाकलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. अर्थात डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की लागतेच.

आता त्रासाचं. सिक्युअर बूट (ओळखीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल की फ्रॉम डिस्क'मधून व्हेंटॉयची की नोंदवावी लागते. नवखा माणूस तिथेच घाबरतो. मॅकवरून पेनड्राइव्ह बनवायची सोय नाही. बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून आधी एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवून पेनड्राइव्हचं नाव नीट बघा; एसडीए लिहिलं की एसडीबी (ही डिस्कची नावं), यावर घरची डिस्क वाचते. आणि कॉपीची पट्टी भरली म्हणून पेनड्राइव्ह ओढू नका. लिनक्स बराच डेटा मेमरीत धरून मागाहून लिहितो. इजेक्ट करा आणि 'आता काढा' म्हणेपर्यंत थांबा.

एक आक्षेप मला पटतो. सोर्स कोड खुला असला, तरी त्यात आधीच तयार केलेल्या बायनरी फाइली (ज्यांच्या आत काय आहे ते वाचता येत नाही) आहेत, आणि त्यावर अनेकांनी बोट ठेवलंय. म्हणून मी व्हेंटॉय फक्त त्यांच्या गिटहबवरूनच (कोड ठेवायची साइट) घेतो आणि एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही ना हे तपासायचा आकडा) जुळवल्याशिवाय कुणाच्या मशीनला पेनड्राइव्ह लावत नाही.