नांदेडची सर्वधर्मीय धान्य बँक : पुरानंतरच्या चार महिन्यांचा अनुभव

२०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील अतिवृष्टीत विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि नांदेडमधील गोदाकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घरातले रेशनचे गहू-तांदूळ आणि गावाकडून आणलेली ज्वारी एका रात्रीत भिजून गेली. त्यांच्या सोबतीने मी प्रथम या धान्य बँकेत गेले आणि पुढे चार महिने, कधी घेणाऱ्यांबरोबर तर कधी देणारी म्हणून, जात राहिले. मंदिर, मशीद, बुद्धविहार, गुरुद्वारा आणि चर्च यांच्याशी जोडलेली मंडळी ही बँक मिळून चालवतात.

जागा एका जुन्या गोदामाची आहे. पोती ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर रचलेली असतात आणि तूरडाळीच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला असतो. वही घेऊन बसलेल्या आपांनी मावशींना एकच प्रश्न विचारला, "घरात खाणारी माणसं किती?" आधार कार्ड नाही, रेशनकार्ड नाही, आडनावसुद्धा नाही; वहीत मोबाइल नंबर आणि माणसांचा आकडा, एवढीच नोंद. पिशवीवर नेत्याचे छायाचित्र आणि ती हातात देताना आणखी एक छायाचित्र, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की पिशवी मिळाल्यावर मावशी पदर सावरून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटो कुठं काढायचाय?" आपा म्हणाल्या, "फोटो नाही मावशी, या तुम्ही." माझ्या मते या सेवेची खरी किंमत त्या दोन वाक्यांत आहे.

सर्व धर्मांची माणसे एकत्र आल्याचा व्यावहारिक फायदा मला तिथली आवक पाहिल्यावर कळला. एकट्या देवस्थानाचे किंवा एकट्या मशिदीचे कोठार वर्षातून एकदा भरते आणि मग रिकामे होत जाते. इथे मात्र प्रत्येकाचे दानाचे दिवस वेगळे आहेत. हरिनाम सप्ताहाच्या भंडाऱ्यातून उरलेला गहू आणि डाळ येते, १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला विहारांतून तांदूळ येतो, नाताळच्या सुमारास तेल-साखर येते, तर गुरुद्वाऱ्याशी जोडलेली कुटुंबे दसवंधातून, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शातून, वर्षभर थोडे थोडे देत राहतात. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत असल्याने त्या वेळची आवक कोणत्याच ऋतूला कायमची बांधलेली नसते. जकात, म्हणजे मुस्लिमांचे बंधनकारक वार्षिक दान, कोणाला द्यावी याचे धर्मशास्त्रात नियम आहेत, म्हणून येथे जकात मागितली जात नाही. गरजू कोणत्याही धर्माचा असला तरी देता येणारा सदका (ऐच्छिक दान) आणि इमदाद (मदत) तेवढी स्वीकारली जाते. एकमेकांचे नियम इतक्या बारकाईने समजून घेतल्यामुळेच हिशेबावरून कुरबूर होत नसावी, असे मला वाटते. आषाढात मात्र, पेरणीत सगळ्यांचाच पैसा अडकलेला असताना, फळ्या उघड्या पडतात असे तिथले कार्यकर्ते सांगतात.

रेशन असताना याची गरज काय, असे मला अनेकांनी विचारले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि तो मोठा आधार आहे. पण भिजलेले धान्य त्या महिन्यात पुन्हा मिळत नाही, आणि मराठवाड्यातील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना तर २०२३पासून धान्याऐवजी खात्यावर रक्कम जमा होते. पूर आलेल्या आठवड्यात ती रक्कम हाताशी असेलच असे नाही. चार माणसांच्या किटमध्ये ५ किलो ज्वारी, ३ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साखर आणि चहापत्ती असते. ज्वारी आवर्जून ठेवल्याबद्दल मी या मंडळींचे मनापासून आभार मानते, कारण भाकरीवर वाढलेल्या माणसाला नुसत्या तांदळावर आठवडा काढायला लावणे ही अर्धीच मदत होते.

शिजवलेले अन्न येथे दिले जात नाही. कोणाच्या हातचे, कोणत्या भांड्यातले, कांदा-लसूण चालतो की नाही, हे प्रश्न कोरड्या शिध्यात उद्भवतच नाहीत, आणि मांसाहारी वस्तू कोणीच आणायची नाही हेही सर्वांनी ठरवलेले आहे. निर्णय शहाणपणाचा आहे; परंतु ज्याची चूलच पाण्यात आहे त्याला डाळ-तांदूळ देऊन उपयोग नसतो. अशांना गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, म्हणजे सामूहिक जेवणाला, पाठवले जाते. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोणीही पंगतीला बसू शकते, हे नांदेडकरांना सांगायला नको; तरी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना तिथवर नेण्याची सोय बँकेने करायला हवी.

आणखी दोन उणिवा आहेत. पहिल्या वेळी तेलाची पिशवी फुटून मावशींचे अर्धे तांदूळ तेलकट झाले. मी तसे सांगितल्यावर पुढच्या खेपेपासून तेल वेगळ्या पिशवीत मिळू लागले. दुसरी उणीव अजून तशीच आहे : वाटप सकाळी ११ ते २ या वेळेत होते आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला त्यासाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो. संध्याकाळी एक तास तरी दार उघडे ठेवावे, असे मी तिथल्या वहीत लिहून आले आहे. देणाऱ्यांनी जुने कपडे आणू नयेत. सध्या ज्वारी, तूरडाळ आणि तान्ह्या मुलांसाठी दूध पावडर हवी आहे.