डिसऑनर्ड: सुडाचा हिशोब, आणि नुसते बघत राहिलेले

सुडाच्या गोष्टीत मारणारा आणि मरणारा या दोघांकडेच आपलं लक्ष असतं. तिसरा, म्हणजे बाजूला उभं राहून सगळं पाहिलेला माणूस, गर्दीतून येतो आणि गर्दीतच विरून जातो. अर्केन स्टुडिओजने केलेला आणि बेथेस्डाने २०१२ च्या ऑक्टोबरात बाजारात आणलेला 'डिसऑनर्ड' हा व्हिडिओ गेम आजही विकत घेऊन खेळावा तो या तिसऱ्या माणसासाठी. खेळ जुना आहे, त्यामुळे खाली शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे. ज्यांना कोऱ्या पाटीने खेळायचं आहे त्यांनी फक्त शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत.

डनवॉल नावाचं बंदराचं शहर. देवमाशाच्या तेलावर दिवे, यंत्रं, विजेच्या भिंती, सगळं चालतं. उंदरांमुळे पसरलेल्या साथीने निम्म्या वस्त्या ओस पडल्या आहेत. सम्राज्ञी जेसमिनचा अंगरक्षक कॉर्व्हो अटॅनो याच्या डोळ्यांदेखत तिचा खून होतो, तिची मुलगी एमिली पळवली जाते आणि खुनाचा आळ कॉर्व्होवरच येतो. ज्याने कट रचला तो गुप्तहेरप्रमुख हायरम बरोज राजप्रतिनिधी बनून गादी चालवू लागतो. सहा महिन्यांनी कॉर्व्हो कोल्डरिज तुरुंगातून सुटतो, 'हाउंड पिट्स' या पबमध्ये जमलेल्या राजनिष्ठांच्या गटाला मिळतो आणि एकेकाचा माग काढू लागतो. प्रस्तावना धरून एकूण नऊ मिशन्स. सरळ धावत गेलात तर बारा-पंधरा तासांत संपतो, कोपरा न कोपरा धुंडाळलात तर त्याच्या दुपटीकडे जातो.

खेळाचा गाभा म्हणजे 'केऑस' ही मोजणी. प्रत्येक मिशनच्या शेवटी तक्ता येतो: किती शत्रू मारले, किती नागरिक मारले, किती प्रेतं इतरांना सापडली. त्यावरून शहराची अवस्था कमी केऑस की जास्त केऑस ते ठरतं. जास्त केऑस म्हणजे पुढच्या मिशनमध्ये उंदरांचे थवे वाढतात, डोळ्यांतून रक्त गळणारे रोगी, ज्यांना तिथे 'वीपर' म्हणतात, ते गल्लोगल्ली भेटतात आणि पहारेही वाढतात. कारण साधं आहे: जितकी प्रेतं तितकं उंदरांना खाद्य. तुमच्या सुडाची किंमत ज्यांचा त्या खुनाशी काही संबंध नाही असे लोक भरतात, आणि खेळ हे भाषण न देता रस्त्यावर दाखवतो. एमिलीचं बोलणं आणि तिने काढलेली चित्रंही तुमच्या वागण्याप्रमाणे बदलतात. एक लहान मूल हे सगळं बघतंय, याची आठवण पबमध्ये परतल्यावर दरवेळी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक मुख्य लक्ष्याला न मारता संपवायची वाट खेळात ठेवलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वाट कोणाच्या तरी बघत राहण्यावर चालते.

पहिला थॅडियस कॅम्पबेल, धर्मपीठाचा प्रमुख. त्याला बेशुद्ध करून चौकशीच्या खोलीत न्यायचं, खुर्चीला बांधायचं आणि चेहऱ्यावर पाखंड्याचा डाग द्यायचा. तो डाग ज्याच्यावर पडला त्याला कोणीही मदत करायची नाही असा नियम आहे. म्हणजे शिक्षा कॉर्व्हो देत नाही, सगळ्यांनी पाठ फिरवणं हीच शिक्षा. पुढे बुडालेल्या वस्तीत नीट शोधलंत तर हाच कॅम्पबेल वीपर होऊन फिरताना सापडतो. कोणी बोट दाखवत नाही, ध्येयाच्या यादीतही त्याचं नाव येत नाही. शोधणाऱ्यालाच दिसतो.

पेंडलटन जुळ्यांचं प्रकरण गुंड स्लॅकजॉकडे सोपवता येतं. त्याला हवा असतो एका कलाव्यापाऱ्याच्या तिजोरीचा आकडा. तो मिळवून दिला की त्याची माणसं दोघांची डोकी भादरून, जिभा कापून त्यांना त्यांच्याच चांदीच्या खाणीत मजुरीला पाठवतात. तुमच्या तक्त्यात मृत्यू शून्य.

आणि मग लेडी बॉइलची मेजवानी. खेळातलं सर्वात देखणं आणि सर्वात अस्वस्थ करणारं मिशन हेच. साथ शहर खात असताना वाड्यात मुखवटे घालून दारू चालली आहे. तुम्हीही मुखवटा घालून आत जाता, आणि तो तुमचा नेहमीचाच मुखवटा असतो. पाहुण्यांच्या वहीत स्वतःच्या नावाची सही करायची सोयसुद्धा आहे. एस्मा, वेव्हरली आणि लिडिया अशा तिघी बहिणी, पांढरा, काळा, लाल असे पोशाख. यातली बरोजची प्रेयसी कोण हे प्रत्येक नव्या खेळीत बदलतं, त्यामुळे आधीच्या खेळीतलं उत्तर वापरू नका. पाहुण्यांशी बोलून किंवा वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतल्या रोजनिश्या वाचून ते काढावं लागतं. वर पाहुण्यांना मज्जाव आहे, तेव्हा जिन्यावरच्या पहारेकऱ्याची पाठ फिरली की ब्लिंक, म्हणजे क्षणात थोडं अंतर पार करायची विद्या, मारून जायचं. योग्य बहीण कळली की तिच्या जिवाला धोका आहे असं सांगून तिला तळघराकडे नेता येतं. तिथे लॉर्ड ब्रिस्बी होडी घेऊन उभा असतो. हा माणूस तिच्यावर 'प्रेम' करतो. ती बेशुद्ध करून त्याच्या हवाली केली की तो तिला कायमची दूर घेऊन जाणार.

खेळ या कृत्याला 'न मारता' या सदरात जमा करतो. केऑस वाढत नाही. एकही जीव न घेता खेळ संपवणाऱ्याला मिळणारी 'क्लीन हँड्स' ही ट्रॉफीसुद्धा शाबूत राहते. एका बाईला तिच्या मर्जीविरुद्ध एका पुरुषाच्या होडीत टाकून हात स्वच्छ! हा या खेळाचा सर्वात मोठा दोष आहे, आणि तो लेखनातला नसून मोजणीतला आहे. मोजणी मुडदे मोजते, कृत्यं मोजत नाही. वर ते पाहुणे, ज्यांच्यापैकी एकालाही आपली यजमानीण कुठे गेली याचा प्रश्न पडत नाही, नाचत राहतात. इथे बघ्याचं अपराधीपण खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं आणि खेळाला त्याचा पत्ताच लागत नाही.

ज्याला पत्ता आहे ते आहे 'हृदय'. आउटसायडर नावाचं गूढ दैवत कॉर्व्होला हातावर खूण देतं आणि सोबत एक यंत्र बसवलेलं हृदय. हातात धरलं की ते रुन, म्हणजे विद्या मिळवायला आणि वाढवायला लागणारे कोरीव तुकडे, आणि हाडांचे ताईत कुठे आहेत ते दाखवतं. बहुतेक खेळाडू ते एवढ्यासाठीच वापरतात आणि खेळाचा उत्तम भाग गमावतात. ते एखाद्या माणसावर रोखून दाबलं की जेसमिनच्या आवाजात त्या माणसाचं गुपित ऐकू येतं. रस्त्यावरचा बिननावाचा पहारेकरी, मोलकरीण, मेजवानीतला पाहुणा, कोणावरही. एकदा ऐकून थांबू नका, दोनतीनदा रोखा, वेगळी गोष्ट निघते. कोणी कुठे गप्प बसला, कोणी कोणाला दाराबाहेर ठेवलं, हे सगळं यात आहे. अट एवढीच की हे करताना उघड्यावर थांबू नका, हृदय हातात असलं तरी तुम्ही दिसत असता.

याच कल्पनेचा पुढचा टप्पा २०१६ च्या दुसऱ्या भागात आहे. तिथे हृदय माणूस सहानुभूतीला पात्र आहे, दोषी आहे की खुनशी आहे हे सांगतं, आणि त्याला मारल्यावर केऑस किती वाढेल हेही त्यावर ठरतं. पहिल्या भागाने जे नुसतं ऐकवलं ते दुसऱ्याने हिशोबात घेतलं. लढाईत न मारण्याची साधनंही तिथे बरीच वाढवली आहेत. पहिल्यात ती फारच तोकडी आहेत: मागून गळा आवळणं आणि झोपेचे बाण, संपलं. बाकी पिस्तूल, ग्रेनेड, स्प्रिंग रेझर, उंदरांचा थवा बोलावण्याची विद्या, सगळी मारायची हत्यारं. खेळ मारू नका म्हणतो आणि दुकानात मारायचं सामान मांडतो. काहींना ही मोहाची परीक्षा वाटते. पण पंधरा तास तेच दोन उपाय वापरताना हात कंटाळतो, हे खरं.

सर्वात समाधान देणारी वाट खुद्द बरोजची. त्याच्या तिजोरीत त्याच्याच आवाजातला कबुलीजबाब आहे: गरिबांना संपवण्यासाठी रोगी उंदीर त्यानेच आणवले. तो प्रसारण केंद्रातून शहरभर वाजवला की त्याचेच शिपाई त्याला बेड्या घालतात. पण तेच शिपाई कालपर्यंत त्याच्या हुकमाने घरं सील करत होते! एका मिनिटात ते न्यायाच्या बाजूला जातात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. इथे लेखक आणखी दोन पावलं गेले असते तर बरं झालं असतं.

ती उणीव भरून काढतो होडीवाला सॅम्युएल. तो कॉर्व्होला बहुतेक मिशन्सना नेतो, आणतो, बघतो. राजनिष्ठांचं काम झाल्यावर ते कॉर्व्होवरच उलटतात आणि विष द्यायचं काम सॅम्युएलवर येतं. तो अर्धीच मात्रा देतो आणि कॉर्व्होला होडीत घालून सोडून देतो. भर द्यूतसभेत सगळ्यांनी माना खाली घातल्यावर उठून बोलणारा विकर्ण आठवावा, त्या कुळीतला हा माणूस; फक्त सॅम्युएलकडे बोलण्याचीही सोय नाही, म्हणून हाताने जेवढं करता येईल तेवढं करतो. शेवटच्या मिशनला किंग्जस्पॅरो बेटावर उतरवताना, तुम्ही शहरभर मुडदे पाडले असतील, तर तो तुमची घृणा वाटते असं तोंडावर सांगतो आणि पिस्तुलाचा बार हवेत उडवून पहारेकऱ्यांना सावध करतो. इतका वेळ बाजूला बसून पाहिलेल्याचा तो निकाल. खेळभर तुम्ही त्याला वाहतुकीचं साधन समजत होता, तो साक्षीदार होता. सुडाच्या गोष्टीत याहून चांगला बघ्या क्वचितच लिहिला गेला असेल.

खून करणाऱ्या डॉडची बाजू दोन जोडभागांत आहे, 'द नाइफ ऑफ डनवॉल' आणि 'द ब्रिगमोर विचेस', दोन्ही २०१३ चे. सम्राज्ञीला मारल्याचा पश्चात्ताप झालेला भाडोत्री मारेकरी काय करतो, हे त्यात आहे. याच क्रमाने खेळा, पहिल्यातले निर्णय सेव्हमधून दुसऱ्यात जातात. कॉर्व्होची खेळी आधी पूर्ण करा, म्हणजे बुडालेल्या वस्तीत डॉडला सोडायचं की नाही हा निर्णय त्याची कैफियत ऐकण्याआधीचा असेल.

एकालाही न मारता खेळायचं असेल तर चुका ठरलेल्या आहेत. बेशुद्ध माणूस जमिनीवर सोडला आणि उंदरांनी खाल्ला, की तो मृत्यू तुमच्या नावावर. उथळ पाण्यात टाकला आणि बुडाला, तरी तुमच्या नावावर. छपरावरून घसरून पडला, तेच. देह नेहमी कचरापेटीत, टेबलावर किंवा कोरड्या उंच जागी ठेवा. वीपरही माणसंच आहेत, त्यांना मारलेलंही मोजलं जातं. विजेची भिंत उलटी जोडून तिच्यात पहारेकरी जळाला तर तोही धरा. त्यापेक्षा बाजूच्या कपाटातली देवमाशाच्या तेलाची टाकी काढून घ्या, भिंत बंद पडते. झोपेचा बाण बेसावध माणसाला लगेच पाडतो, पण तो लढत असेल तर परिणामाला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो आरडाओरडा करतो. पहिले रुन ब्लिंकच्या दुसऱ्या पायरीवर आणि डार्क व्हिजनवर, म्हणजे भिंतीपलीकडची माणसं दाखवणाऱ्या विद्येवर, घाला. मिशन संपवण्याआधी वेगळी सेव्ह ठेवा, कारण मेलेल्यांचा आकडा तक्त्यातच कळतो आणि क्विकसेव्ह तोवर पुढे गेलेली असते.

घ्यायची आवृत्ती: जोडभागांसकटची डेफिनिटिव्ह एडिशन. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर ती सेकंदाला ३० फ्रेम्सवरच चालते. पीसीवर खेळ अधिक सफाईने पळतो आणि मूळ खेळाला किमान ३ जीबी रॅम, ९ जीबी जागा एवढंच लागतं, म्हणजे जुना संगणकही पुरतो. मराठी किंवा हिंदी भाषा नाही, इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवा, कारण भिंतीपलीकडची कुजबुज हा कथानकाचा अर्धा भाग आहे. पर्यायांमध्ये जाऊन ध्येयाच्या खुणा बंद करा, म्हणजे बाणाच्या मागे न धावता माणसांकडे बघावं लागेल. पहिली खेळी कमी केऑसची, दुसरी जास्त केऑसची ठेवा. आणि दोन्ही वेळा किंग्जस्पॅरोला निघण्याआधी सॅम्युएलवर एकदा हृदय रोखून ऐका.