सबवूफर खरा, वायर खोटी

दुकानदाराने मला नकली सबवूफर (गाण्यातला खर्ज, म्हणजे बेस, वाजवणारा स्पीकर) विकला असता तर निदान तो डबा डोळ्यांसमोर तरी असता, चार जाणकारांना दाखवता आला असता. इथे डबा अस्सल होता. फसवणूक होती कार्पेटखाली, जिथे काम संपल्यावर कोणी बघायला जात नाही. आणि त्या खोट्या कामातून जे बिघाड निघाले, त्या प्रत्येकावर इलाज म्हणून त्याच दुकानाने मला नवा माल विकला. पिकअपमध्ये ॲम्पवाला (आतच ॲम्प्लिफायर असलेला) सबवूफर बसवायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा.

पिकअपला डिकी नसते. मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे जेवढी फट मिळेल तेवढ्यात बेस बसवायचा, म्हणून चपट्या डब्यातच ॲम्प असलेला सबवूफर लोक घेतात. त्याला जोडण्या चारच: बॅटरीपासून येणारी जाड पॉझिटिव्ह वायर, बॉडीला लावायची अर्थ, स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प चालू-बंद करणारी बारीक रिमोट वायर. या चारपैकी माझ्या गाडीत फक्त सिग्नल धड जोडलेला होता.

पहिली तक्रार सुरू झाली ती आवाज वाढवल्यावर. बेसचा ठोका जोरात आला की सबवूफर क्षणभर गप्प, मग पुन्हा चालू. दुकानात सांगितल्यावर मान डोलावून उत्तर मिळाले, “साहेब, पॉवर कमी पडतेय. कपॅसिटर टाकावा लागेल.” कपॅसिटर म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा एक फॅरडचा चकचकीत नळकांडा, वर निळा आकडा दाखवणारा डिस्प्ले. दिसायला झकास. आता हिशेब बघा. एवढा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना साधारण ३२ ज्यूल ऊर्जा देतो. ॲम्प २०० वॅट ओढत असेल तर ही शिदोरी सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात संपते, आणि रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा त्याच वायरमधून भरायचा असतो. वायरच बारीक असेल तर तो काय दिवे लावणार?

दुसरी तक्रार: एक्सलरेटर दाबला की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी कुंईऽऽ अशी शिट्टी. त्यावर नॉइज फिल्टर विकला. तिसरी: गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपलेली. त्यावर “बॅटरीचं वय झालंय” म्हणून नवी बॅटरी. ती नवी बॅटरीसुद्धा झोपली तेव्हा निदान झाले की अल्टरनेटर लहान आहे, मोठा बसवायला हवा. तिथे मी थांबलो आणि मल्टीमीटर काढला.

इंजिन चालू, गाणे जोरात. बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट, सबवूफरच्या टर्मिनलवर ११.८. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता, दोन व्होल्ट वाटेत गळत होते. कुठे गळतात हे शोधायला मीटर असा लावायचा: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरे सबवूफरच्या पॉझिटिव्हवर, मध्ये बाकी काही नाही. जो आकडा येईल तेवढे त्या वायरने खाल्ले. माझ्याकडे ०.८ आला. मग तसेच निगेटिव्ह बाजूला: १.३. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.१च्या आतबाहेर असायला हवा.

मग कार्पेट उचलले.

वायरवर ठसठशीत छापले होते ४ गेज. गेज हे वायरच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी वायर जाड. खऱ्या ४ गेजच्या धातूचे क्षेत्रफळ २१ चौरस मिलिमीटर असते. टोक सोलून पाहिले तर जाडी सगळी प्लास्टिकची, आतला धातू जेमतेम १२ गेजचा, म्हणजे तीन-साडेतीन चौरस मिलिमीटर. एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा गेला आणि आतून चंदेरी ॲल्युमिनिअम निघाले. दुकानाच्या काउंटरवर मला दाखवलेला तुकडा मात्र भरगच्च तांब्याचा होता, आणि तो तुकडा आजही बहुधा तिथेच पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत असेल.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर विकणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे. ती हलकी आणि स्वस्त असते, आणि वेष्टनावर तसे लिहून विकणारेही आहेत. पण ॲल्युमिनिअम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहते, म्हणून तेवढ्याच कामाला ती जाड घ्यावी लागते. इथे उलटे झाले: धातू हलका, तोही बारीक, आणि पैसे जाड तांब्याचे. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खरवडून बघा. एक तार लायटरवर धरा: तांबे लाल होईल पण टिकेल, कारण ते १०८५ अंशांना वितळते; ॲल्युमिनिअम ६६० अंशांनाच दम सोडते आणि तार मऊ पडून तुटते. हातात घेतल्यावर वजनही कळते, तांबे ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असते.

अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली रंगावरच दाबलेली होती. रंग वीज वाहत नाही. जे काही वाहत होते ते बोल्टच्या आट्यांमधून. शिट्टीचे मूळ हेच. स्टिरिओची अर्थ एकीकडे, सबवूफरची अर्थ दुसऱ्याच पातळीवर, आणि त्या फरकातून अल्टरनेटरची कुरकुर सिग्नलमध्ये शिरते. पिकअपमध्ये याकडे जास्तच लक्ष द्यावे लागते, कारण बहुतेक पिकअपची केबिन चासीवर रबरी बुशांवर बसवलेली असते आणि दोघींना विजेने जोडणारी एखादी पट्टीच काय ती असते. त्यामुळे जागा निवडून, पत्रा उघडा होईपर्यंत घासून, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून बोल्ट आवळायचा आणि वर गंज रोखणारे ग्रीस फासायचे. पाच मिनिटांचे काम आहे. तेही वाचवले.

रिमोट वायर स्टिरिओपर्यंत नेलीच नव्हती. डब्याजवळच पॉझिटिव्हला तिचा तुकडा जोडून टाकला होता, म्हणजे चावी काढली तरी ॲम्प जागाच. मीटर मालिकेत लावून मोजले तर ०.८ अँपिअर सतत जात होते; दोन दिवसांत ३८ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीने तरी काय करावे? जुन्या बॅटरीचा काही दोष नव्हता, आणि ती तर दुकानदाराने “जुनी जमा” म्हणून कधीच ठेवून घेतली होती. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओला या कामासाठी सहसा पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर असते. कंपनीच्या स्टिरिओला ती नसेल तर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फाटा घेतात.

इथवरची चोरी पैशांची होती. पुढची मात्र मी सोडून देणार नाही. फ्यूज बॅटरीजवळ नव्हता. तो सीटखाली, डब्याशेजारी, छान दिसेल असा लावला होता. या फ्यूजचे मुख्य काम वायर वाचवणे हे असते, म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लागतो. माझ्या गाडीत बॅटरीपासून सीटपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर होती, आणि इंजिन व केबिनच्या मधल्या पत्र्यातून ती गेली होती नुसत्या ड्रिलने पाडलेल्या भोकातून. रबरी ग्रोमेट नाही, कडा कानशीने मारलेली नाही. आवरणावर पत्र्याचा चरा उमटलेला स्पष्ट दिसत होता. तो आत धातूपर्यंत पोचला असता तर बॅटरीतून शेकडो अँपिअर सुटले असते आणि मध्ये तोडणारे काहीही नव्हते. कार्पेट, सीटचा फोम आणि तापून लाल झालेली वायर. ग्रोमेट आणि वायरचा हातभर तुकडा वाचवण्यासाठी.

डब्यावरच्या १२०० वॅटबद्दलही बोलून घेतो, कारण याच आकड्यावर सौदा होतो. तो क्षणिक कमाल आकडा असतो. डब्याचा फ्यूज बघा. माझा २० अँपिअरचा आहे, १४.४ व्होल्टने गुणले तर आत जाणारी वीजच २८८ वॅट. चांगला क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) ॲम्प त्यातले ८० टक्के बाहेर देईल असे धरले तरी २३० वॅटच्या आसपास. खरे १२०० वॅट सतत हवे असतील तर शंभराहून अधिक अँपिअर लागतील. डबा वाईट नाही, वाजतो छान. पण भाव आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरच्या, आकड्यावर करा, आणि खोक्यावर सीटीए-२००६ असे मानक लिहिले असेल तर तो आकडा १४.४ व्होल्टला, आवाजातल्या १ टक्का विकृतीच्या आत मोजलेला असतो हे लक्षात ठेवा.

वायर, फोटो आणि मीटरचे आकडे घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाले, सगळे हेच वापरतात. मग म्हणाले, वायर तुम्हीच मागाहून बदलली असेल. बिल काढले तर त्यावर “वायरिंग किट व मजुरी” एवढेच. गेज नाही, धातू नाही, लांबी नाही. हे मोघम शब्द चुकून लिहिलेले नसतात. शेवटी कपॅसिटर आणि फिल्टर परत घेतले, बॅटरीचे पैसे दिले नाहीत, आणि फ्यूजच्या जागेबद्दल विचारल्यावर “आजवर कुठली गाडी जळली का?” असे उलट मलाच विचारले.

नवीन काम दुसरीकडून करून घेतले. ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर, बॅटरीशेजारी फ्यूज, ग्रोमेट, घासलेल्या पत्र्यावर अर्थ. पॉझिटिव्ह वायर एका बाजूने आणि सिग्नल दुसऱ्या बाजूने. कार्पेट बसवण्याआधी कारागिराने मला स्वतःहून बोलावून प्रत्येक जोड दाखवला, आणि बिलावर गेज, धातू आणि लांबी लिहून दिली. त्याच अल्टरनेटरवर, पूर्ण आवाजात, सबवूफरवर आता १३.६ व्होल्ट मिळतात.