हिर्शगार्टन, म्युनिक : पोरांसकट आणि डब्यासकट

म्युनिकला नवीन आलेलं कुणी विचारतं, लहान पोरांना घेऊन बाहेर जेवायला कुठे जावं? मी सरळ सांगते, बिअर गार्डनला जा. समोरचा क्षणभर गप्प होतो. साहजिक आहे, आपल्याकडे बिअरच्या पाटीखालून पोराचा हात धरून आत शिरायचं म्हणजे आधी चार ओळखीचे बघत नाहीत ना ते बघावं लागतं. इथे रविवारी दुपारी आजी-आजोबा, बाबागाड्या, कुत्री असा सगळा गोतावळाच बिअर गार्डनला लोटतो. त्यातही पोरांच्या दृष्टीने माझी पहिली पसंती हिर्शगार्टनला.

आमची मोठी पाच वर्षांची, धाकटा दोनचा. या वयात त्यांना नीटनेटक्या हॉटेलात बसवायचं म्हणजे पोरांपेक्षा आईबापांचेच हाल. घराजवळच्या एका हॉटेलात ऑर्डर दिल्यावर बराच वेळ काही येत नाही. तोवर धाकटा मेणबत्ती, मिठाची बाटली आणि शेजारच्या बाईंची पर्स इथवर पोचलेला असतो. कुणी काही बोलत नाही. नुसते बघतात. बोलले तर बरं, उलट उत्तर तरी देता येतं.

हिर्शगार्टनमध्ये बघायला कुणाला सवड नाही. साधारण ८००० माणसं बसतील एवढी जागा, लांबच लांब बाकं, डोक्यावर चेस्टनटची झाडं आणि पायाखाली खडी. खडीत काही सांडलं तर ओशाळं व्हायला होत नाही. धाकटा तर बाकाखाली बसून ती खडी एका कागदी कपातून दुसऱ्यात ओतत बसतो, आणि तेवढ्यात माझं जेवण गरम असताना होतं.

मुख्य सोय मात्र वेगळीच. इथे घरचा डबा चालतो. चोरून नाही, हक्काने. १८१२ मध्ये राजा माक्सिमिलियान पहिला योसेफ याने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकायला परवानगी दिली, पण सोबत जेवण विकायचं नाही. नाहीतर गावातल्या खाणावळवाल्यांच्या पोटावर पाय आला असता. मग लोक घरून खाणं घेऊन येऊ लागले, ते आजतागायत. बवेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्यात आहे त्या राज्याच्या, १९९९ च्या बिअर गार्डन नियमावलीतही घरचं खाणं ही बिअर गार्डनची खूण म्हणून नोंदलेली आहे. पथ्यं दोनच : पेय तिथलंच घ्यायचं, आणि टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलावर डबा उघडायचा नाही, तिथे वेटर येतो. उघड्या लाकडी टेबलांवर खुशाल बसा.

आम्ही दही-धपाटे, काकडीचे काप आणि सोलापूरची शेंगाचटणी नेतो. तिथून एक मोठं ब्रेझन, म्हणजे वेटोळ्याच्या आकाराचा खारा पाव, घेतो, कारण त्यावाचून मोठी जेवत नाही. धाकट्याला देताना वरचे मिठाचे खडे नखाने खरवडून काढा, खूप खारट असतात. ब्रेझनच्या तुकड्याला लोणी लावून वर शेंगाचटणी, हा प्रकार करून बघाच. शेजारचे आजोबा कुतूहलाने बघत होते म्हणून त्यांनाही दिला. त्यांनी आपल्या मुळ्याच्या चकत्या आमच्याकडे सरकवल्या. शाकाहारी असाल तर ओबाट्झडा घ्या, मऊ चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका असं कालवलेलं असतं, पण त्यात कधी थोडी बिअरही घालतात. बटाट्याचं सॅलड मात्र विचारून घ्या. बवेरियात ते बहुधा मांसाच्या रश्शात करतात. माझा नवरा रत्नागिरीचा, त्याला काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मॅकरेल कुठल्याही बिअर गार्डनमध्ये दिसला की पाय हलत नाही. बांगड्याचा हा युरोपातला चुलतभाऊ आकाराने मोठा, चवीला तेलकट. काटे नीट काढलेत तर पोरंही आवडीने खातात.

पोरांसाठी पिण्याला आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाच्या रसात सोडा. श्पेत्सी त्यांच्या हाती देऊ नका, त्यात कोला असतो आणि रात्री अकरापर्यंत आपल्यालाच जागावं लागतं.

बिअर घ्यायची तर फळीवरून काचेचा मग आपणच उचलायचा, पाण्यात विसळायचा आणि मग रांगेत उभं राहायचं. आमच्या मोठीचा सगळा जीव या विसळण्यात. लिटरचा मग, तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढा उंच. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, जीभ दातांत पकडून ती तो पाण्यात फिरवते, आणि चकचकीत झाला तरी परत बुडवते. मागची रांग थांबते, पण कुणी घाई करत नाही. बाह्या कोपरापर्यंत भिजतात. एक कोरडा टी-शर्ट सोबत असू द्या.

जेवण झालं की हरणं. १७८० मध्ये बवेरियाचा तेव्हाचा शासक कार्ल थिओडोर याने इथे हरणांसाठी बाग करवली, आणि आजही बाकांजवळच कुंपणापलीकडे हरणं असतात. धपाट्याचा तुकडा आत टाकायचा मोह पोरांना होतो, तेवढा आवरा. खेळायची जागाही बागेतच आहे, पण सगळ्या टेबलांवरून ती दिसत नाही. म्हणून आधी जागा हेरा, मग डबा उघडा. छान सावलीचं टेबल बघून बसलात तर जेवणभर एकाला उठून पहाऱ्यावर उभं राहावं लागतं.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. बवेरियात २०१० पासून हॉटेलांच्या आत सिगारेटबंदी आहे, पण बिअर गार्डन उघड्यावर, त्यामुळे तिथे लोक ओढतात. शेजारी धूर निघाला की मुकाट्याने टेबल बदलायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात गोड पेयांवर गांधीलमाश्या घोंगावतात. बिअरच्या ग्लासखाली ठेवतात तो पुठ्ठा ग्लासवर झाकण म्हणून ठेवा आणि पोरांना स्ट्रॉ द्या. त्याच सुमारास चेस्टनटची तपकिरी, गुळगुळीत फळं टपाटप पडू लागतात. पोरं खिसे भरतात, भरू देत, पण ती तोंडात जाता कामा नयेत. भाजून विकतात ते चेस्टनट वेगळे, हे विषारी असतात.

जायला एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, हिर्शगार्टन नावाचंच स्टेशन आहे, तिथून थोडं चालायचं. ऊन असलेल्या रविवारी बारानंतर गेलात तर बाबागाडी लावायला जागा शोधावी लागते. पाऊस आला तर आतल्या हॉटेलात जेवता येतं, पण तिथे डबा पिशवीतच राहू द्यायचा.